उपजत अक्कल, स्वतःचं शिक्षण आणि शाळा: फरक नेमका कुठे आहे?

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाचं बोलणं लक्ष देऊन ऐका. ‘दादा चिठ्ठी वाचतो’ असं ते म्हणतं, आणि कालची गोष्ट सांगताना मात्र ‘दादाने चिठ्ठी वाचली’ म्हणतं. वाचणारा दादा, तरी क्रियापद चिठ्ठीच्या मागे गेलं. चिठ्ठीच्या जागी पुस्तक असेल तर ‘वाचलं’, पेपर असेल तर ‘वाचला’. शिवाय वर्तमानकाळात नसलेला ‘ने’ दादाला येऊन चिकटला. पण ‘दादा गाणं शिकला’ म्हणताना तोच ‘ने’ नको असतो, आणि हेही पुढे कुणी न सांगता जमून जातं. हे नियम घरातल्या मोठ्यांनाही सांगता येत नाहीत. चूक झाली की कानाला खटकतं, एवढंच त्यांना कळतं. दहा वर्षांनी तेच मूल व्याकरणाच्या तासाला बसतं, फळ्यावर ‘कर्मणी प्रयोग’ असे शब्द येतात, आणि जे ते रोज दिवसभर बोलतं त्याच गोष्टीचे परीक्षेत गुण जातात.

एकाच गोष्टीचं ज्ञान दोन प्रकारचं असू शकतं. एक करता येण्याचं, दुसरं आपण काय करतोय हे सांगता येण्याचं. पहिलं असून दुसरं नसणं अगदी सामान्य आहे. दुसरं असून पहिलं नसणंही तितकंच सामान्य आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘पढतमूर्ख’ हा जुना शब्द आहेच.

पण आपली भाषा इथे एक अन्यायही करते. ‘शिकलेला’ म्हणजे शाळा-कॉलेजात गेलेला, एवढाच अर्थ आता उरला आहे. जो गेला नाही तो अडाणी. मग असा माणूस एखादं अवघड काम लीलया करताना दिसला की आपण थक्क होतो आणि ‘उपजत बुद्धी आहे हो’ म्हणून मोकळे होतो. यात कौतुक आहे, पण त्या माणसाने वर्षानुवर्षं घातलेली मेहनत या दोन शब्दांत पार पुसली जाते. तो शिकला आहे. फक्त वर्गात बसून शिकलेला नाही. उपजत, स्वतः शिकलेलं आणि शाळेत शिकलेलं अशा तीन गोष्टींची गल्लत करून आपण दोनच खाती उघडतो, तिथेच सगळा गोंधळ सुरू होतो.

आधी खरोखर उपजत काय असतं ते पाहू. १९९२ साली कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पाच महिन्यांच्या बाळांवर एक साधा प्रयोग केला. बाळासमोर एक बाहुली ठेवली, मग पडदा वर केला, आणि बाळाला दिसेल अशा रीतीने आणखी एक बाहुली पडद्यामागे नेली. पडदा खाली घेतल्यावर दोन बाहुल्या दिसल्या तर बाळ थोडा वेळ बघायचं आणि नजर वळवायचं. एकच दिसली तर जास्त वेळ बघत राहायचं. म्हणजे एक आणि एक मिळून किती व्हायला हवेत, याची काहीतरी अपेक्षा त्या बाळाच्या मनात होती. ज्याला अजून बसताही येत नाही, त्याला कुणी बेरीज शिकवलेली असणं शक्य नाही.

हे खरोखर उपजत. चेहऱ्यांकडे ओढ, आवाजातून शब्द वेगळे काढण्याची क्षमता, वस्तू दिसेनाशी झाली तरी ती संपली नाही ही जाण, लहान संख्यांचा अंदाज, ही सगळी आपण बरोबर घेऊन येतो ती शिदोरी. पण ही शिदोरी तयार ज्ञान नसते. जन्मतःच कुणाला मराठी येत नाही. भाषा उचलण्याची ताकद येते, आणि सभोवार जी बोलली जाते ती उचलली जाते. कानावर भाषाच पडली नाही तर ही ताकद तशीच वाया जाते.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. उपजत म्हणजे न बदलणारं नव्हे. उंचीचं उदाहरण घ्या. एकाच समाजातल्या दोन माणसांच्या उंचीतला फरक बराचसा आनुवंशिक असतो, तरीही गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कित्येक देशांतली सरासरी उंची चांगली काही सेंटिमीटरने वाढली. जनुकं तीच राहिली, आहार आणि आरोग्य सुधारलं. बुद्धीचंही तसंच. वारशात काय मिळालं यावरून ते कुठवर वाढेल याचा निकाल आधीच लागत नाही.

आता दुसरं खातं, काम करता करता शिकलेलं. यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण बहुतेकांच्या पायाखालीच असतं: सायकल. वेगात असताना उजवीकडे वळायचं असेल तर आपण हँडल आधी क्षणभर डावीकडे ढकलतो. त्यामुळे सायकल उजवीकडे झुकते आणि मग वळते. जन्मभर सायकल चालवणाऱ्याला हे सांगा, तो मान्य करणार नाही. मीही केलं नव्हतं. मोकळ्या मैदानात हलक्या हाताने, मुद्दाम लक्ष ठेवून वळून पाहिलं तेव्हा पटलं. माझ्या हातांना जे इतकी वर्षं माहीत होतं ते मला माहीत नव्हतं. हे ज्ञान जन्मतः आलेलं नाही आणि कुणी समजावूनही दिलेलं नाही. पडून, सावरून, पुन्हा पडून ते अंगात मुरलं.

अंगात मुरलेल्या ज्ञानाला आपण किती चटकन ‘निसर्गदत्त’ म्हणतो बघा. १९७६ साली होकुलेआ नावाची दुहेरी होडी हवाईहून ताहितीला गेली, सुमारे चार हजार किलोमीटर, कंपास आणि नकाशाशिवाय. दिशादर्शक होता मायक्रोनेशियातल्या सातावाल या चिमुकल्या बेटाचा मौ पियाइलुग. तारे कुठून उगवतात, लाटा कुठल्या दिशेने येऊन होडीला कशा हलवतात, कोणता पक्षी जमिनीपासून किती लांब जातो, यावरून तो आपण कुठे आहोत ते ठरवायचा. हे ऐकून ‘काय उपजत जाण!’ असं वाटणं साहजिक आहे. पण मौला त्याच्या आजोबांनी अगदी लहानपणापासून तयार केलं होतं. गोल मांडलेल्या दगडांवरून ताऱ्यांच्या जागा पाठ करायच्या, लाटा अंगाने ओळखायला शिकायचं, असं ते शिक्षण. कित्येक वर्षांचं, कडक, क्रमवार. त्यात गुरू होता, अभ्यासक्रम होता, पाठांतर होतं. फक्त प्रमाणपत्र नव्हतं.

आता शाळेत शिकवलेलं आणि बाहेर शिकलेलं एकाच डोक्यात शेजारी शेजारी असतं तेव्हा काय होतं, ते बघण्यासारखं आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्या नुनेस कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लिमन या संशोधकांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. १९८५ साली तो प्रसिद्ध झाला. मुलं ९ ते १५ वर्षांची, थोडीफार शाळा झालेली. संशोधक आधी गिऱ्हाईक म्हणून गेले आणि एवढ्याचे किती, तेवढ्याचे किती असे हिशेब विचारत राहिले. अशा ६३ हिशेबांपैकी ९८ टक्के मुलांनी अचूक केले. काही दिवसांनी तेच आकडे कागदावर दिले. गोष्टीरूप गणितं असतील तर ७४ टक्के बरोबर आली. नुसती आकडेमोड दिली तर फक्त ३७ टक्के.

यातल्या एका बारा वर्षांच्या मुलाची दोन उत्तरं शेजारी ठेवली की सगळं स्पष्ट होतं. एक नारळ ३५ ला, मग चार कितीला? रस्त्यावर तो म्हणाला, तीन म्हणजे १०५, त्यात ३० घातले की १३५, एक नारळ ३५ चा, म्हणजे १४०. बघा काय सुंदर केलंय. तिनाचा हिशेब त्याच्या जिभेवर होता, कारण तीन नारळ मागणारे रोज भेटत असणार. उरलेले ३५ त्याने तीस आणि पाच असे फोडून चढवले. पुढे कागदावर ३५ गुणिले ४ आलं. तो म्हणाला, चार पाचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००. हातचा गुणाकारानंतर मिळवायचा, तो त्याने आधीच मिळवला. रस्त्यावर चार नारळांचे २०० त्याने कधीच मागितले नसते. ‘हे फार होतात’ असं आतून कुणीतरी म्हणालंच असतं. कागदावर ते आतलं कुणी बोललं नाही, कारण तिथे ३५ म्हणजे पस्तीस नव्हतेच. एक तीन आणि एक पाच, अशी दोन चिन्हं होती.

इथे थांबून ‘बघा, शाळा मुलांची बुद्धी मारते’ असं म्हणण्याचा मोह होतो, आणि या अभ्यासाचा उपयोग पुष्कळदा तसाच केला जातो. मला ते पटत नाही. त्या मुलाची रीत ३५ ला चालली, ३४७ गुणिले २८६ ला चालणार नाही. आकडे मोठे झाले, अनोळखी झाले, की फोडाफोड डोक्यात मावेनाशी होते. कागदावरची रीत मात्र नारळ, तारे, रेणू, काहीही असो, कितीही मोठं असो, तशीच चालते. ती वस्तूकडे बघतच नाही. याच कारणाने ती परकी वाटते आणि याच कारणाने सगळीकडे लागू पडते. शिकवण्यातली खरी चूक वेगळी आहे. मुलाला आधीपासून येत असलेला पस्तीस आणि फळ्यावरचा ३५ हे एकच आहेत, हे दाखवून देणारा पूल कुणी बांधत नाही.

समोर नसलेल्या गोष्टीबद्दल केवळ शब्दांच्या आधाराने विचार करणं, ही शाळेची सगळ्यात मोठी देणगी. ती किती कृत्रिम आहे हे आपल्याला जाणवत नाही, कारण आपण तिच्यातच वाढलो. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१ आणि १९३२ साली उझबेकिस्तानच्या ग्रामीण भागात गेला. तिथे नुकत्याच शाळा सुरू होत होत्या, त्यामुळे कधीच न शिकलेली आणि वर्ष-दोन वर्षं शिकलेली माणसं एकाच ठिकाणी भेटली. त्याने विचारलं: अतिउत्तरेला, जिथे बर्फ असतो, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेमल्या अतिउत्तरेला आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? न शिकलेल्यांची उत्तरं साधारण अशी आली की मी तिथे गेलेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल मी बोलत नाही. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतलं वेगळं कोणतं, असं विचारलं तर ते म्हणायचे, सगळं एकत्रच लागतं, ओंडका नसेल तर करवत काय कामाची? थोडंसं शिकलेले मात्र ओंडका बाजूला काढायचे, कारण बाकीची अवजारं.

या उत्तरांत बुद्धी कमी आहे का? मला तर त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो. पाहिलं नाही त्याची साक्ष देणार नाही. रोजच्या जगण्यात हा नियम सोन्यासारखा आहे. पण ‘समजा असं असेल तर तसं होईल’ या विचाराचं दार त्याने बंद राहतं, आणि बीजगणित, कायदा, रोगाचं निदान, सगळं त्याच दारापलीकडे आहे. बुद्ध्यांकाच्या चाचण्याही त्याच दारापलीकडचे प्रश्न विचारतात. म्हणूनच शाळेत घालवलेल्या काळाचा त्यांच्यावर थेट परिणाम होतो. नॉर्वेत १९५५ ते १९७२ या काळात सक्तीचं शिक्षण टप्प्याटप्प्याने सात वर्षांवरून नऊ वर्षांवर नेलं गेलं. कुठे आधी, कुठे नंतर, त्यामुळे तुलना करता आली. लष्करी भरतीच्या वेळी, एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास घेतलेल्या चाचण्या तपासल्या तेव्हा जादा शाळेच्या दर वर्षामागे साधारण ३.७ गुणांची वाढ दिसली. कमी बुद्ध्यांक म्हणजे जन्मतः कमी बुद्धी, असं समजून ज्यांना ज्यांना मागे ठेवलं गेलं, त्यांच्यापैकी किती जणांना फक्त शाळा मिळाली नव्हती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वाचन तर याहून विलक्षण. लिपी निघून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा उत्क्रांत होणं शक्य नाही. म्हणून मेंदू वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातला एक तुकडा अक्षरांना देतो. स्तानिस्लास देहाएन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांच्या मेंदूंचे स्कॅन तपासले. काही निरक्षर, काही लहानपणी शिकलेले, काही मोठेपणी. वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूत डाव्या बाजूला मागे तो तुकडा शब्द दिसताच उजळत होता. मोठेपणी शिकलेल्यांमध्येही. ‘आता या वयात काय शिकणार’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं. बोलणं आपोआप येतं, वाचणं कुणीतरी शिकवावं लागतं, पण त्या शिकवण्याला उशीर झाला म्हणून मेंदूने दार लावून घेतलेलं नसतं.

मग अनुभवातून आलेल्या समजुतीवर कुठे विसंबावं आणि कुठे नाही? डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांची मतं याबाबत जवळजवळ उलटी होती. एकाने अंतःप्रेरणेच्या चुका शोधण्यात उमर घालवली, दुसऱ्याने अग्निशमन दलातल्या माणसांसारख्या तज्ज्ञांच्या अचूक अंदाजांचा अभ्यास केला. २००९ साली दोघांनी मिळून लिहिलं तेव्हा दोन अटींवर त्यांचं एकमत झालं. जगात त्या गोष्टीचा काही नियम असला पाहिजे, आणि आपण चुकलो हे लवकर आणि स्पष्ट कळलं पाहिजे. सायकल चुकली की लगेच पाडते. नारळवाल्या मुलाचा हिशेब चुकला की तोटा त्याच दिवशी होतो. पण जिथे चूक उशिरा कळते किंवा कळतच नाही, तिथे चाळीस वर्षांचा अनुभव म्हणजे एकच चूक चाळीस वर्षं केलेली असू शकते. रक्त काढून रोग बरा करण्याची पद्धत शेकडो वर्षं टिकली ती अशीच. रोगी आपोआप बरा झाला तरी यश उपचाराचं, दगावला तर दोष रोगाचा. आणि ती करणारे डॉक्टर चांगले विद्यापीठात शिकलेले होते, त्यामुळे पदवी हीसुद्धा या सापळ्यातून सुटण्याची हमी नव्हे. सुटका झाली ती रोगी मोजून, तुलना करून.

उपजत समज आणि शिकवलेलं ज्ञान यांची डोक्यात नेहमी भेट होतेच असं नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुरने आपल्या विद्यार्थ्यांना बल आणि गती यांवरचे अगदी साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मी एरवी विचार करते तशी? अवघड गणितं सोडवून चांगले गुण मिळवणारी ही मुलं. तरीही जड वस्तू हलक्या वस्तूवर जास्त जोर लावते, ही जुनी चुकीची समजूत आत जशीच्या तशी होती. शिकवलेलं ज्ञान तिच्या शेजारी वेगळ्या खणात ठेवलं गेलं होतं. त्या प्रश्नाने माझुरने शिकवण्याची पद्धतच बदलली. आधी प्रश्न, मग शेजाऱ्याशी वाद, मग खुलासा. आतली समजूत बाहेर येऊन धडकल्याशिवाय मोडत नाही.

स्वतः शिकलेल्यांचा विषय निघाला की रामानुजनचं नाव येतंच, आणि त्याच्याबद्दल नुसतं ‘दैवी देणगी’ म्हणून थांबणं हा त्याच्यावर अन्याय आहे. कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांत तो नापास झाला हे खरं. पण सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हाती सुमारे पाच हजार सूत्रांचा एक संग्रह पडला होता. त्यात सिद्धता जेमतेम, आणि त्या स्वतः शोधायच्या म्हणून तो वर्षानुवर्षं वह्या भरत बसला. १९१३ च्या जानेवारीत त्याने केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं. त्यातली काही सूत्रं हार्डीला अचंबित करणारी होती. मूळ संख्या किती दाटीने येतात याबद्दलचा रामानुजनचा दावा मात्र चुकीचा निघाला. त्या क्षेत्रात लहान संख्यांवरून बांधलेला अंदाज फसवतो, आणि तो कुठे फसवतो हे युरोपातल्या गणितींना आधीच ठेचा लागून कळलं होतं. ते सांगणारं रामानुजनच्या आसपास कुणी नव्हतं. स्वतः शिकणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान हेच. त्याच्याकडे बुद्धी असते, चिकाटी असते, पण त्याच्या आधी त्याच वाटेवर पडलेल्यांच्या खुणा त्याला दिसत नाहीत.

स्वतः शिकलेला दुसरा माणूस म्हणजे इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे. त्याला गणित जवळजवळ येतच नव्हतं. तो बुकबाइंडरकडे उमेदवारी करायचा आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचायचा. १८३१ साली त्याने चुंबकाच्या हालचालीतून वीज निर्माण करून दाखवली. समीकरणांऐवजी त्याने चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरला, त्यात उमटलेल्या रेषा पाहिल्या आणि त्या रेषांमध्येच विचार केला. बऱ्याच विद्वानांना ते बाळबोध वाटलं. १८५७ साली, छासष्टाव्या वर्षी, त्याने सव्वीस वर्षांच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाला पत्रातून विचारलं की गणिताने काढलेले निष्कर्ष साध्या भाषेतही तितकेच नेमके मांडता येणार नाहीत का, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील. मॅक्सवेलने केंब्रिजमध्ये त्या काळचं उत्तमातलं उत्तम गणित शिकलं होतं. विजेवर काम करण्याआधी त्याने ठरवलं होतं की गणितींचं लेखन नंतर, फॅरेडेचे प्रयोग आधी वाचायचे. १८७३ साली त्याने आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तोवर फॅरेडे जाऊन सहा वर्षं झाली होती. प्रस्तावनेत मॅक्सवेलने लिहिलं की फॅरेडेची विचार करण्याची पद्धतही गणितीच होती, फक्त ती रूढ चिन्हांत मांडलेली नव्हती.